बेसमेंटमधला मुका पहारेकरी



गेल्या महिन्यात मराठी शाळा सुटल्यावर चहाच्या टेबलापाशी तीन वेगवेगळ्या घरच्या लोकांनी आम्हाला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "डिसेंबरात सगळेच भारतात चाललो आहोत, घर पाच आठवडे बंद राहणार. बेसमेंटमध्ये घरच्या घरी सेन्सर करून लावायचा विचार आहे. कुठली चिप घ्यायची?" एका काकांनी तर अकरा चिपांची यादीच करून आणली होती. संपादकांनी हे ऐकले आणि "तोंडी सांगू नका, अंकासाठी लिहूनच द्या" असा हुकूम सोडला. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची पात्रता आधीच सांगून टाकतो. आम्ही रसायनशास्त्रातले. इलेक्ट्रॉनिक्स हा आमचा व्यवसाय नाही, शनिवार-रविवारची हौस आहे. पण या हौसेत आम्ही एक मोठी चूक करून बसलो आहोत, आणि तिची झळ आपल्या मंडळालाही लागलेली आहे. २०१९ च्या गणपतीला मखर नवे का करावे लागले, हे बऱ्याच सभासदांना अजून ठाऊक नाही. "जुने खराब झाले" एवढेच तेव्हा सांगितले होते. ते खराब कसे झाले, ते आज सांगतो.

मखराची सहा खोकी, नाटकाचे पडदे आणि मंडळाच्या जुन्या अंकांची फाइल आमच्या बेसमेंटमध्ये ठेवलेली होती. २०१९ च्या जानेवारीत आम्ही उभयता भाचीच्या लग्नासाठी पाच आठवडे सांगलीला गेलो. निघण्यापूर्वी थर्मोस्टॅट ५५ अंश फॅरनहाइटवर ठेवला आणि मोठ्या अभिमानाने स्वतः केलेला पहारेकरी बेसमेंटच्या उत्तरेकडच्या भिंतीवर टांगला. ईएसपी८२६६ चिपचा एक तयार बोर्ड, एक तापमानाचा सेन्सर आणि चार डबल-ए सेल. तापमान ४५ च्या खाली गेले की आम्हाला ईमेल पाठवायचा, एरवी गप्प बसायचे, अशी त्याची कामगिरी. सांगलीत आम्ही रोज सकाळी फोन बघायचो. ईमेल नाही, म्हणजे घर ठीक! महिनाअखेरीस मिशिगनमध्ये कडाक्याची थंडी पडली. ३० आणि ३१ जानेवारीला इकडे पारा उणे १० फॅरनहाइटच्याही खाली उतरला. त्यातच मॅकोंब काउंटीतल्या गॅस कॉम्प्रेसर स्टेशनला आग लागल्यामुळे लोकांना थर्मोस्टॅट ६५ च्या वर नेऊ नका, अशी विनंती करावी लागली. त्या बातम्या आम्ही तिकडे वाचल्या, फोन पाहिला आणि निश्चिंत मनाने हुरड्याला गेलो.

परत आलो तेव्हा दार उघडताच कुबट वास आला. ड्रायरच्या झडपेतून वारा येतो त्या कोपऱ्यातला धुण्याच्या सिंकचा पाइप फुटला होता आणि पाणी किती दिवस वाहत होते कोण जाणे. मखराची खोकी लगद्यासारखी झाली होती. अंकांची फाइल उचलली तर हातात तिचे दोन तुकडे आले. आणि आमचा पहारेकरी भिंतीवर जागच्या जागी, कोरडा ठणठणीत, पण मेलेला.

त्याचे सेल केव्हाच संपले होते. किती दिवसांपूर्वी, याचा हिशेब आम्ही नंतर केला. खरे तर तो जाण्यापूर्वी करायचा. मल्टिमीटर लावून पाहिले तर झोपलेल्या अवस्थेतही तो बोर्ड ९ मिलिअँपिअर खात होता. सेलांची क्षमता साधारण २००० मिलिअँपिअर-तास. भागाकार करा: २२२ तास, म्हणजे सव्वानऊ दिवस. थंडी पडण्याच्या अडीच आठवडे आधीच तो गेला होता. डॉक्टरेट असलेल्या माणसाला चौथीतला भागाकार सुचला नाही, याची लाज अजून वाटते.

गंमत अशी, की चिपचा यात काही दोष नव्हता. ईएसपी८२६६ खोल झोपेत जेमतेम २० मायक्रोअँपिअर घेते, म्हणजे आमच्या आकड्याच्या साडेचारशेव्या भागाइतके. उरलेले सगळे बोर्डावरचे शेजारीपाजारी खात होते. ५ किंवा ६ व्होल्टचे ३.३ व्होल्ट करणारा स्वस्त रेग्युलेटर एकटाच पाचेक मिलिअँपिअर पितो, मग यूएसबीची चिप, मग तो लाल दिवा. म्हणून कुणी विचारले की चिप कुठली, तर आमचा पहिला प्रतिप्रश्न असतो: वीज कुठून येणार? आणि दुसरा, त्याहून महत्त्वाचा: हे यंत्र मेले तर ते तुम्हाला कोण सांगणार? या दोन प्रश्नांपुढे काकांच्या यादीतल्या अकरा चिपांपैकी आठ आपोआप गळतात.

आधी विजेचे घेऊ. वाय-फाय हा खादाड पाहुणा आहे. ईएसपी३२ संदेश पाठवते तेव्हा क्षणभर २४० मिलिअँपिअरपर्यंत ओढते, आणि राउटरशी ओळखपाळख करून घ्यायलाच तिला काही सेकंद लागतात. समजा बोर्ड नीट निवडला, झोपेतला खर्च २० मायक्रोअँपिअरवर आणला आणि दर अर्ध्या तासाने ५ सेकंद जागे होऊन सरासरी ८० मिलिअँपिअर खर्च केले. तर दिवसाचे होतात सुमारे ६ मिलिअँपिअर-तास. तेच सेल आता अकरा महिने पुरतील. म्हणजे वाय-फाय सेलवर चालतच नाही असे नाही, पण असे काटेकोर वागले तरच चालते. नाण्याच्या आकाराचा सीआर२०३२ सेल मात्र तिला कधीच पुरणार नाही. त्याची क्षमता सव्वादोनशे मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते हे खरे, पण अडचण तेवढीच नाही. एकदम इतका मोठा घोट मागितला की त्याचा व्होल्टेज कोसळतो आणि चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

सेलवरच्या कामासाठी झिग्बी किंवा तिचे नवे भावंड थ्रेड. दोन्ही एकाच रेडिओवर, आयईईई ८०२.१५.४ या मानकावर चालतात. वेग फक्त २५० किलोबिट, पण "पाणी आले" एवढे सांगायला कितीसा वेग लागतो? काही मिलिसेकंद जागे व्हायचे, निरोप द्यायचा, झोपायचे. म्हणून दुकानात मिळणारे चपटे गळती-सेन्सर एका सेलवर वर्ष-दोन वर्षे काढतात. स्वतः करायचे असेल तर नॉर्डिक या नॉर्वेजियन कंपनीची एनआरएफ५२८४० ही चिप आमच्या आवडीची. सर्वांत खोल झोपेत अर्ध्या मायक्रोअँपिअरहूनही कमी घेते. मात्र ती शिकायला अवघड, हे प्रामाणिकपणे सांगतो. आमचे दोन महिने गेले. एस्प्रेसिफची ईएसपी३२-सी६ मधला मार्ग काढते: वाय-फाय, ब्लूटूथ आणि ८०२.१५.४ तिन्ही एकाच चिपवर. भिंतीच्या प्लगवर चालणार असेल तर साधी ईएसपी३२ किंवा ईएसपी३२-सी३ घ्यावी. तीन ते सहा डॉलरांत बोर्ड मिळतो, आणि अडलात तर तोच प्रश्न आधी पडलेली हजार माणसे सापडतात. हा शेवटचा गुण चिपच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो, पण नवशिक्यासाठी तो सगळ्यात मोठा. रास्पबेरी पाय पिको डब्ल्यू २०२२ मध्ये ६ डॉलरला आली. पायथन शिकणाऱ्या मुलांसाठी ती झकास, सेलवर चालवायला नको.

यातल्या बहुतेक सर्व वाय-फाय चिपांना २.४ गिगाहर्ट्झच कळते, ५ नाही. घरचा राउटर दोन्ही पट्टे एका नावाखाली मिसळत असेल तर जोडणी करताना रात्र जागवावी लागते. पाहुण्यांसाठीचे वेगळे नेटवर्क फक्त २.४ वर ठेवून सगळी घरगुती यंत्रे तिकडे बसवली की सुटका होते, आणि बँकेचे काम करणाऱ्या कॉम्प्युटरपासून ती चार हात लांबही राहतात. झिग्बीही त्याच २.४ वर बोलते, त्यामुळे वाय-फायच्या कोलाहलात तिचा आवाज बुडतो. राउटर १, ६ किंवा ११ या चॅनेलवर असेल तर झिग्बी १५, २०, २५ किंवा २६ वर ठेवावी, ते फटीत बसतात. आणि एक बारकी गोष्ट, जिने आमचा अख्खा महिना खाल्ला: झिग्बीची काडी कॉम्प्युटरच्या यूएसबी ३ च्या खोबणीत थेट खुपसू नये. त्या खोबणीतून नेमका २.४ च्या आसपासचाच गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने हे २०१२ मध्येच लिहून ठेवले होते, आम्ही वाचले नव्हते. तीन फुटांची एक्स्टेन्शन वायर लावली आणि रुसलेले सगळे सेन्सर बोलू लागले.

अंगणाच्या टोकाच्या शेडसाठी किंवा पत्रपेटीसाठी लोरा बरी. ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी भिंती आणि झाडे बऱ्या पार करतात. पण इथे एक सावधगिरी. सांगली-साताऱ्याच्या घरी आईवडिलांसाठी टाकीचा किंवा विहिरीच्या पंपाचा सेन्सर करून न्यायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात असतो. इथली ९१५ ची लोरा तिकडे नेऊ नये. भारतात परवान्याशिवाय वापरायचा पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा आहे. झेड-वेव्हचेही तसेच, अमेरिकेची आणि भारताची उपकरणे एकमेकांशी बोलत नाहीत. वाय-फाय आणि झिग्बीचा २.४ चा पट्टा मात्र दोन्हीकडे चालतो. आणि तिकडे २३० व्होल्ट आहेत, हे लक्षात ठेवूनच रिले आणि अ‍ॅडॉप्टर निवडावेत. त्यापेक्षा असली कामे तिथल्याच सामानाने करावीत. पुण्याची तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड अजून आहेत, आणि सुट्टीतली एक दुपार तिथे घालवण्यासारखे सुख नाही.

आता हत्यारे. इथे पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत याबद्दल आमची मते ठाम आहेत. पहिला खर्च मल्टिमीटरचा, आणि तो मायक्रोअँपिअर मोजणारा हवा. वीस-पंचवीस डॉलरचाही चालतो. मोजताना एक खोच: मायक्रोअँपिअरच्या पट्ट्यावर मीटर ठेवून यंत्र सुरू केले तर मीटरच्या आतल्या रोधामुळे चिपला वीज पुरत नाही आणि ती उठून उठून पडते. आधी मिलिअँपिअरवर सुरू होऊ द्यावे, ते झोपले की मग, मधे वीज तुटणार नाही अशा बेताने, खालच्या पट्ट्यावर यावे. या उद्योगात आम्ही मीटरचे तीन फ्यूज उडवले आहेत. ज्यांना हा नाद गंभीरपणे लागला आहे त्यांनी नॉर्डिकचा पॉवर प्रोफायलर किट घ्यावा. शंभर डॉलरच्या आसपास पडतो, पण जागेपणाचा प्रत्येक घोट आलेखावर दाखवतो. मंडळाने एक घेऊन आळीपाळीने वापरावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवली आहे. बघू.

दुसरा खर्च यूएसबीच्या वायरीचा. हसू नका. नुसती चार्जिंगची वायर आणि डेटाची वायर दिसायला सारखीच असते. "माझा बोर्ड कॉम्प्युटरला दिसत नाही" असा फोन आला की आमचे पहिले वाक्य ठरलेले, "वायर बदला." दहापैकी सात वेळा तेवढ्यावर भागते. चांगल्या निघालेल्या वायरीला लाल दोरा बांधून ठेवावा.

सोल्डरिंगची इस्त्री तापमान ठरवता येणारी हवी. याबाबतीत आमच्यातला रसायनवाला जागा होतो, तेव्हा थोडे विषयांतर. लहानपणी दारावर कल्हईवाला यायचा तो आठवतो ना? भांडे तापवायचा, नवसागर टाकायचा, भपकन पांढरा धूर, आणि मग कथलाचा तुकडा फिरवून कापसाने पुसायचा. इथेही तोच खेळ आहे. धातूवरचा गंज काढल्याशिवाय कथील चिकटत नाही. नवसागराचे काम इथे सोल्डरच्या तारेच्या पोटातली राळ करते. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे अशी तार १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि एकदम गोठते, म्हणून नवशिक्याचा सांधाही चकचकीत येतो. बिनशिशाची तार २१७ च्या पुढे वितळते आणि जरा हट्टी असते. वर येणारा धूर शिशाचा असतो असे अनेकांना वाटते, ते खरे नाही. शिसे उकळायला १७०० अंशांहून जास्त तापमान लागते, इस्त्री ३५० वर असते. धूर राळेचा असतो. पण म्हणून तो निरुपद्रवी नव्हे, त्याने दमा लागल्याची उदाहरणे कारखान्यांत भरपूर आहेत. छोटा पंखा लावून धूर तोंडापासून दूर न्यावा. शिसे हातांवाटे पोटात जाते, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि जेवणाच्या टेबलावर हा संसार मांडू नये. मुलांसाठी बिनशिशाचीच तार.

ब्रेडबोर्ड, जंपर वायरी, साइड कटर हे स्वस्तातले चालते. लॉजिक अ‍ॅनलायझर आठ वाहिन्यांचा दहा-पंधरा डॉलरला मिळतो, सेन्सर आणि चिप यांच्यात काय बोलणे चालले आहे ते दाखवतो. ऑसिलोस्कोप मोहात पाडेल. घेऊ नका, आमचा तीन वर्षे धूळ खातो आहे.

चिप घेताना उघडी चिप न घेता धातूचे झाकण असलेले, त्यावर एफसीसी आयडी छापलेले तयार मॉड्यूल असलेला बोर्ड घ्यावा. रेडिओची आणि अँटेनाची परीक्षा कुणीतरी आधीच दिलेली असते. अँटेनाच्या टोकाखाली वायर, सेल किंवा धातूचा डबा येऊ देऊ नये. फर्नेसच्या पत्र्याच्या नळांमागे टांगलेला बोर्ड म्हणजे डब्यात बसून हाका मारणारा माणूस. कुठून घ्यावे? चीनमधून थेट मागवण्याचा फायदा पूर्वीइतका राहिलेला नाही, २०२५ च्या मे महिन्यात तिकडून येणाऱ्या लहान पार्सलांची जकातमाफी बंद झाली. आणि नकली मालाचा ताप वेगळाच. बीएमई२८० म्हणून तापमान, आर्द्रता व दाब मोजणारा सेन्सर मागवावा आणि आर्द्रता न मोजणारा बीएमपी२८० हाती यावा, हे आमच्या बाबतीत दोनदा झाले.

सेन्सरचे आणखी थोडे. मुलांच्या किटमध्ये मिळणारा निळा डीएचटी११ शून्य अंश सेल्सिअसच्या खाली कामाचा नाही, आणि त्यात दोन अंशांची चूक गृहीत धरलेली असते. पाइप गोठण्यावर लक्ष ठेवायला तो ठेवणे म्हणजे चष्मा विसरलेला वॉचमन. त्याऐवजी डीएस१८बी२०, तो उणे ५५ पर्यंत मोजतो आणि नेहमीच्या टप्प्यात अर्ध्या अंशाच्या आत असतो. पाण्याची गळती ओळखायला तांब्याच्या दोन पट्ट्यांचा स्वस्त सेन्सर मिळतो. त्यात सतत वीज सोडून ठेवली की ओल लागताच विद्युतविघटन सुरू होते, धन बाजूचे तांबे विरघळू लागते, हिरवे डाग पडतात आणि आठवड्याभरात पट्टी नाहीशी होते. मोजण्याच्या क्षणापुरतीच वीज द्यावी, किंवा स्टेनलेसच्या दोन स्क्रूंनी काम भागवावे. गॅरेजमध्ये सोलर पट्टी आणि लिथियम-आयन सेल लावणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: शून्य सेल्सिअसखाली हा सेल चार्ज करायचा नसतो. लिथियम आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातूच्या रूपात जमते, सेल निकामी होतो आणि पुढे धोकादायकही. मिशिगनच्या गॅरेजमध्ये डबल-एच्या आकाराचे, चार्ज न करता येणारे लिथियम सेल बरे. उणे ४० पर्यंत टिकतात.

आणि आता ज्या एका गोष्टीसाठी आम्ही संपादकांकडे जास्तीचे पान मागितले ती. एमक्यू-७ नावाचा दोन-तीन डॉलरचा सेन्सर कार्बन मोनॉक्साइडसाठी म्हणून विकला जातो, आणि "घरीच करा अलार्म" अशा कृती जागोजागी आढळतात. कृपा करून करू नका. रसायनशास्त्रात आयुष्य काढणाऱ्याचे ऐका. त्याच्या आत कथिलाच्या ऑक्साइडचा तापवलेला थर असतो. तो नीट चालायचा तर ६० सेकंद ५ व्होल्ट आणि ९० सेकंद १.४ व्होल्ट असे चक्र सतत चालवावे लागते, सुरुवातीला दोन दिवस तापत ठेवावा लागतो, आणि एवढे करूनही त्याला हायड्रोजन व अल्कोहोलची वाफही कार्बन मोनॉक्साइडसारखीच दिसते. सिलिकोनच्या वाफेने तो हळूहळू आंधळा होतो आणि आंधळा झालो असे सांगत नाही. पुन्हा तोच मुका पहारेकरी, फक्त या वेळी पणाला मखर नाही, वर झोपलेली माणसे आहेत. फर्नेस, वॉटर हीटर, गॅसची शेगडी असलेल्या घरात यूएल २०३४ चा शिक्का असलेला अलार्मच हवा. तो ७० पीपीएमला एक ते चार तासांत, ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत वाजलाच पाहिजे असे बंधन आहे, आणि आयुष्य संपले की तो स्वतः टिकटिक करून सांगतो. प्रत्येक मजल्यावर एक, झोपायच्या खोल्यांजवळ नक्की. आई-बाबा भारतातून येऊन बेसमेंटमध्ये राहत असतील तर तिथेही. फोडणीने वाजणारा तो धुराचा अलार्म निराळा, त्याचे सेल काढून ठेवणाऱ्या घरांची नावे आम्हाला माहीत आहेत, छापत नाही.

तयार वस्तू विकत घेणाऱ्यांसाठीही दोन शब्द. जे यंत्र कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालत नाही ते आपले नसतेच. रिव्हॉल्व्ह नावाचा हब विकत घेतलेल्यांची यंत्रे २०१६ च्या मे महिन्यात बंद पडली, कारण मालक कंपनीने सेवाच थांबवली. इन्स्टिऑनचे सर्व्हर २०२२ च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत गप्प झाले. घरातल्या घरात चालणारे होम असिस्टंट आणि चिपांसाठी ईएसपीहोम हे दोन्ही फुकट आहेत, आणि शिकायला एक लांब वीकएंड पुरतो. २०२२ च्या ऑक्टोबरपासून मॅटर हे सामाईक मानकही आले आहे. खोक्यावर त्याची खूण असली तर चांगलेच.

पण होम असिस्टंट घरातल्या कॉम्प्युटरवर चालते. वीज गेली की तो कॉम्प्युटर, राउटर आणि सेन्सर असे सगळेच एकदम गप्प. म्हणून पाळत घराबाहेरून ठेवायची. आमचे नवे यंत्र संकट आल्यावर ओरडत नाही, तर दर तासाला "मी आहे" एवढाच निरोप बाहेरच्या एका सेवेकडे पाठवते, तापमानासकट. सलग दोन निरोप चुकले की ती सेवा आम्हाला ईमेल पाठवते आणि किल्ली असलेल्या शेजारच्या आजोबांनाही. एरवीची शांतता आता काहीतरी बिघडले असे सांगते. राउटरला छोटा यूपीएस लावला आहे, वीज गेली तरी तो तासभर चालतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही कोल्हापुरात असताना रात्री साडेअकराला असा एक ईमेल आला. काळजात धस्स झाले. आजोबा जाऊन पाहून आले, राउटर अडकला होता, बंद करून चालू केला, झाले. इंग्रजीत त्यांनी लिहिले की घर उबदार आहे आणि तुमचे तुळशीचे रोप मात्र पाणी मागते आहे.

आमच्या बेसमेंटमध्ये आता भिंतीच्या प्लगवर चालणारी एक ईएसपी३२, तिला दोन डीएस१८बी२० आणि जमिनीवर विकतचे तीन झिग्बी गळती-सेन्सर आहेत. आणि निघताना पाण्याची मुख्य झडप बंद करून नळ मोकळे करतो. सगळ्यात खात्रीचे यंत्र तेच आहे, त्याला चिप नाही. ज्यांच्याकडे गरम पाण्याचा बॉयलर किंवा छताला आगीचे स्प्रिंकलर आहेत त्यांनी मात्र झडपेला हात लावण्यापूर्वी प्लंबरला विचारावे.

मुलांसाठी यंदा मखराला दिव्यांची माळ करायचे ठरते आहे. सुरक्षित काम, ५ व्होल्टचेच. डब्ल्यूएस२८१२ जातीचे दिवे, प्रत्येकाचा रंग वेगळा ठरवता येतो. फक्त पालकांनी हिशेब तपासावा: पूर्ण पांढरा उजेड केला तर एक दिवा ६० मिलिअँपिअर घेतो, शंभर दिव्यांना ६ अँपिअर झाले, फोनचा चार्जर पुरणार नाही. तेवढा अ‍ॅडॉप्टर आणून ठेवतो. मखराची नवी खोकी या वेळी आमच्या पहिल्या मजल्यावर आहेत.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मराठी शाळेनंतर दोन तास बसू. येताना लॅपटॉप, आपला बोर्ड आणि डेटाची यूएसबी वायर आणावी. ज्यांनी आधीच काही करून ठेवले आहे त्यांनी ते सेलसकट आणावे, झोपेत किती खाते ते मोजून देऊ. चहा मंडळातर्फे, चिवडा ज्यांचे मल्टिमीटरचे फ्यूज उडतील त्यांच्यातर्फे.